ताबीचं नाव

मला गोष्ट सांगायची भारी हौस. शाळामास्तराला ती असायलाच हवी, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. पण हौशी माणूस गोष्टीतलं गैरसोयीचं वाक्य हळूच गाळतो. मीही एक वाक्य गाळलं. ते कोणतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे आता निवृत्तीला चार महिने उरले असताना लिहून ठेवतो आहे. कुणाला सांगायची हिंमत झाली असती तर लिहिलं नसतं.

आमचं गाव देऊळघाटापासून दोन कोस आत. तिथे कारभारी नावाचा शेतकरी राहतो. नाव कारभारी असलं तरी घरचा कारभार सगळा त्याच्या बायकोचा, गीताबाईचा. ती तोंडानं फटकळ आणि मनानं पिकल्या सीताफळासारखी. तिचे पहिले दोन मुलगे जन्मतःच गेले. तिसऱ्या खेपेला, स्वराज्य यायच्या दोन वर्षं आधी, तिला कळा सुरू झाल्या तेव्हा गावानं आधीच तोंड पाडलं होतं. शालूबाई सुईणीनं मूल मोकळं केलं, बघितलं आणि सुपात ठेवलं. निळंकाळं, ना हालचाल ना आवाज.

त्या दिवशी देऊळघाटचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी बुलढाण्याहून मिशनची नर्स औषधं घेऊन यायची. सुवार्ताबाई तिचं नाव. कारभारी कळा सुरू झाल्याझाल्या पळत गेला होता, तो तिला बैलांच्या दमणीत घालून घेऊन आला. ती आत शिरली, सूप उचललं आणि उजेड हवा म्हणून मूल घेऊन दारात गेली. बाजेवरच्या गीताबाईला तिची फक्त पाठ दिसत होती. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग सुवार्ताबाई म्हणाली, "तबीथा, ऊठ." आणि पोर रडलं.

गीताबाईनं ऐकलं ते एवढंच. बाराव्या दिवशी नर्स पुन्हा आली, तेव्हा तिनं विचारलं, तुम्ही हाक कुणाला मारली होती? सुवार्ताबाईनं सांगितलं, की आमच्या बायबलात तबीथा नावाची एक बाई आहे. गरीब विधवांना ती कपडे शिवून द्यायची. ती वारली तेव्हा त्या सगळ्या विधवा तिनं शिवलेले अंगरखे हातात धरून रडत बसल्या. मग एका संतानं सगळ्यांना बाहेर काढलं, तिला नावानं हाक मारली आणि ती उठून बसली. नावाचा अर्थ हरणी.

झालं. पाळण्यात नाव आलं तबीथा. गावाच्या तोंडी दुसऱ्याच दिवशी त्याचं ताबी झालं.

गावात कुजबुज व्हायचीच. किरिस्ताव झाले की काय हे लोक? गीताबाईनं विहिरीवर एकदाच सांगितलं, "नाव त्यायचं हाय, पोरगी माही हाय. मारोतीले नारळ मीच फोडतो." कारभाऱ्याला नावाच्या अर्थाची वेगळीच काळजी. आमच्या रानात हरणांचे कळप उभी जवारी फस्त करतात. तो म्हणायचा, "रातभर मचाणावर बसून हरणं हाकलतो, अन् बायकोनं एक घरातच बांधली."

आणि रंगरावाची बकरी. रंगराव शेजारचा, अर्धा भोळा. त्याची बकरी आजारी पडली तेव्हा तो गीताबाईला बोलवायला आला, म्हणाला तुझ्या त्या नावानं हाक मारून बघ. गीताबाई गेली नाही. तो स्वतःच बकरीपुढे उकिडवा बसून "तबीथा, ऊठ" म्हणत राहिला आणि संध्याकाळी बकरी मेली. गाव हसून हसून लोळलं. गीताबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "मरंल नाही तर काय? तिचं नाव ते नव्हतंच." ज्याचं नाव त्याचीच हाक, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं. मीही तेव्हा हसलोच होतो.

पोर सहा वर्षांची झाली आणि शाळेत आली. दाखलखारीज म्हणजे शाळेत आल्यागेल्या मुलांची मोठी वही. तीत नाव अशुद्ध गेलं तर मला झोप येत नाही. म्हणून पगाराला बुलढाण्याला गेलो तेव्हा मुद्दाम मिशनच्या दवाखान्यात जाऊन सुवार्ताबाईला विचारलं, नाव नेमकं लिहायचं कसं? तिनं लिहून दिलं. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"गुरुजी, एक सांगायचं आहे," ती म्हणाली. "तुमच्या गावात काय गोष्ट चालू आहे ती माझ्या कानावर आली. त्या नावानं काही झालं नाही हो. पोरीच्या घशात पाणी होतं. मी ते बोटानं काढलं, तिला उलटी धरली, तोंडात वारा फुंकत राहिले. छाती हलली तेव्हा आनंदानं माझ्या तोंडून नाव निघालं. आधी श्वास आला, नाव मागून आलं. बाळंतिणीला माझी पाठ दिसत होती, हात दिसले नाहीत. तिला एवढं समजावून सांगा. पुढे घरात कुणाचं अडलं तर हाका मारत बसू नका म्हणावं. गाडी जुंपा."

मी म्हणालो, "सांगतो."

सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, सांगायला गेलो होतो. गीताबाई जात्यावर होती. पोर तिच्या पाठीला रेलून उभी होती. मी म्हणालो, नर्सबाई भेटली. गीताबाईनं जातं थांबवलं आणि माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मी देवाकडचा निरोप आणलाय. मग मी म्हणालो की नाव तबीथा असं लिहायचं, त दीर्घ नाही, बी दीर्घ, आणि नर्सनं पोरीला आशीर्वाद दिलाय. बस. तिची ती नजर मोडवेना हे एक, आणि आणखी एक कारण होतं, ते कबूल करायला लाज वाटते. तोवर ती गोष्ट मी पारावर पंचवीस वेळा सांगितली होती. माझ्या गोष्टीत नर्स आत येते, थंडगार कपाळावर हात ठेवते आणि हाक मारते. ऐकणारे गप्प होतात. घशातलं पाणी, बोट, उलटं धरणं, हे त्या गोष्टीत कुठे बसवणार होतो मी?

ताबी चांगली हुशार निघाली. पाय काटकुळे, पळण्यात पोरांनाही ऐकायची नाही. एकदा वर्गात तिनंच मला अडवलं.

"गुर्जी, थे कपडे शिवनारी बाई मेल्यावर उठली ना? मंग पुढं पुन्हा मेली का नाही?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "खाली बस." आजही ते बाकडं दिसलं की तिचा प्रश्न आठवतो.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ताबीचं लग्न ठरलं. स्थळ धामणगाव बढ्याचं. घरी शेती आणि सरकीचा व्यापार. नवरा मुलगा भगवानराव, सरळ आणि मुखदुर्बळ. घरात चालायचं ते त्याच्या आईचं, रुखमाबाईचं. बैठकीतच तिनं विचारलं, हे कसलं नाव? कुणीतरी हौसेनं अख्खी गोष्ट सांगितली. ते कुणीतरी म्हणजे मीच. रुखमाबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मेलेल्या बाईचं नाव व्हय हे. आमच्या घरात असं नाव नोको. बदलून घेऊ."

बदलायची रीत तर होतीच. लग्न लागल्यावर परातीत तांदूळ पसरले. नवऱ्यानं त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना सांगायचं. भगवानराव वाकला तेव्हा गीताबाई बायकांतून उठून पुढे आली. मांडवात मुलीच्या आईनं असं पुढे यायचं नसतं.

"बाकी सारं तुमचं," ती म्हणाली. "पोरगी तुमची, हुंडा तुमचा. नाव तेवढं राहू द्या. त्या नावानं उठेल हाय ते. नाव नसलं तर तिले हाक कशी मारू?"

रुखमाबाई म्हणाली, "तिले काऊन हाक मारा लागते तुमाले? आमी नाही का?" कारभाऱ्यानं बायकोचा दंड धरला आणि मागे नेलं. भगवानरावानं खाली मान घालून तांदळात कोकिळा असं लिहिलं. ताबी परातीकडे बघत होती. तिला लिहिता-वाचता येत होतं, ते मीच शिकवलं होतं.

गीताबाई मांडवामागे चुलवणाजवळ जाऊन बसली. रडत नव्हती, हात नुसते एकात एक गुंतवून बसली होती. मला तिची दया आली. आणि दयेच्या भरात मी जे बोललो ते ऐका. मी म्हणालो, "तांदूळ उद्या शिजतील, गीताबाई. माहेरी ती ताबीच आहे. तुमची हाक तुमच्यापाशीच आहे, ती कोण पुसणार?" तिनं मान वर केली. "खरं म्हणता गुर्जी?" मी म्हणालो, "खरं."

पहिलं बाळंतपण माहेरी. दीड वर्षानं, कार्तिकात, ताबी सातव्या महिन्याची ओटी भरून आली. गाव कोकिळा नाव विसरूनही गेलं होतं. ती शाळेवरून जाताना पायरीवर टेकायची, दम खायची, पोरांची शुद्धलेखनं तपासायची. मला म्हणाली, "गुर्जी, तिकडं कोकिळा म्हणून हाक मारली की मले दोन घटका कळतच नाही. सासू म्हणते बहिरी हाय." आणि हसली.

माघाच्या सुरुवातीला एका सकाळी, प्रार्थना संपून हजेरी चालू असताना, कारभारी दारात येऊन उभा राहिला. डोक्याला फडकं नव्हतं.

"पोरगी झाली," तो म्हणाला. "बेस हाय पोरगी. ताबीचं जरा... तुमी चला ना."

मी खडू हातात तसाच धरून निघालो. घरात शालूबाई सुईण नव्या पोरीला पुसत होती. पोर खणखणीत रडत होतं. ताबी बाजेवर होती. गीताबाई तिच्या उशाशी, तिचं डोकं मांडीवर घेऊन. बाजेखाली राख पसरली होती आणि ती राख रक्तानं भिजून काळी झाली होती. शालूबाईनं माझ्याकडे बघून मान हलवली. "थांबून नाही राह्यलं," ती हळू म्हणाली. "तांबडं फुटल्यापासून. गाडी जुंपा म्हणलं मी दोनदा. ही आयकत नाही."

गीताबाईनं मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. हो, उजळला.

"बघा गुर्जी," ती म्हणाली. "पाहा तुमीच." मग वाकून म्हणाली, "ताबी. तबीथा, ऊठ माय."

"ओ," ताबी म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"बघा, ओ देते. मघापासून हाक मारून राह्यली मी. दर हाकेले ओ देते. कोकिळा म्हणून पडली असती तर गेली असती कवाच. गाडीत हादरे बसतील तिले. नोको. मी उठवतो तिले."

मला माहीत होतं. त्या घरात मला एकट्याला माहीत होतं. गाडी जुंपा, हे तेरा वर्षांपूर्वी मला सांगितलेलं होतं. आणि तरी मी उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. गीताबाईनं आणखी तीन हाका मारल्या आणि तीनदा ओ आली, दर वेळी आधीपेक्षा लांबून. चौथ्या हाकेला ओ यायला इतका वेळ लागला की मी ओरडलो, "कारभारी, बैल काढ."

गाडी जुंपली. देऊळघाटापर्यंत गाडी आणि तिथून एस. टी. नं बुलढाणा, असा बेत. कडबा अंथरला, वर दोन गोधड्या. गीताबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि वाटभर हाक मारत राहिली. मी मागून चालत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जवारी कापून पेंढ्या रचल्या होत्या. पैनगंगेच्या उताराशी हाका चालूच होत्या, ओ मात्र बंद झाली होती. कारभाऱ्यानं मागे वळून बघितलं आणि बैल थांबवले. गीताबाई म्हणाली, "थांबवली काऊन? हाक. आयकते थे, फक्त बोलत नाही." तासभर आम्ही तिथे उभे होतो. ती हाक मारत होती. पलीकडे धुणं धुणाऱ्या बायका धुणं टाकून बघत राहिल्या.

कोतवालाच्या बुकात मृत्यूची नोंद झाली ती कोकिळा भगवानराव या नावानं. धामणगावची माणसं आली, दिवस केले आणि गेली. मुलीला न्यायचा आग्रह कुणी धरला नाही. वर्षाच्या आत भगवानरावाचं दुसरं लग्न झालं. मी त्यांना दोष देत नाही. दोष वाटून उरेल एवढा माझ्याजवळच आहे. सुवार्ताबाईकडे मी नंतर कधी गेलो नाही. बुलढाण्याला पगाराला जातो तेव्हा तो रस्ता टाळून मागच्या गल्लीनं जातो.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण परवाचा दिवस. जून महिना, शाळा उघडलेली. गीताबाई नातीला घेऊन आली. केस पांढरे झालेत तिचे. पोर सहा वर्षांची, काटकुळ्या पायांची. मी दाखलखारीज उघडली, टाक बुडवला.

"नाव?"

"तबीथा," गीताबाई म्हणाली.

मी वर बघितलं. घरात पोरीला ते छकुली म्हणायचे, तेच धरून चाललो होतो मी.

"तेच लिहा गुर्जी. पाळण्यात तेच ठेवलं होतं म्या, हळूच. तांदळानं नेली माही पोर. अर्धं नाव पुसलं त्यायनं, म्हणून अर्धीच उठली. तुमी पाहेलच हाय, ओ देत होती का नाही? आता हिचं नाव कोणाले पुसू देत नाही. हिच्या लग्नात परातच आणू देत नाही. अन् हिले कधी काही झालंच तर मी हाय ना हाक माराले."

मी टाक खाली ठेवला. पोरांना मागच्या अंगणात पाठवलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. आणि सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी नर्सनं जे सांगितलं ते, जसंच्या तसं. घशातलं पाणी, बोट, फुंकलेला वारा. आधी श्वास आला, नाव मागून आलं. काही झालं तर हाक मारत बसू नका, गाडी जुंपा.

ती ऐकत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. माझं संपलं तरी तिचं गुंडाळणं चालू राहिलं. मग तिनं अगदी हळू विचारलं, "म्हंजे त्या दिवशी मी हाक मारत बसली, त्याच्यापायी गेली का ताबी?"

त्याला उत्तरं दोनच होती. एकानं समोरची बाई तिथल्या तिथे संपली असती. दुसऱ्यानं पुढे कधीतरी, कुठल्यातरी बाजेवर, ही पोर. माझ्यासमोर बसली होती ती गीताबाई. तिच्या डोळ्यांकडे मला बघवेना.

"नाही," मी म्हणालो. "तसं नाही, गीताबाई."

"मंग?"

"तिचं आयुष्यच तेवढं होतं. नर्सबाईला काय, त्यांना दवाखान्याचंच सुचतं."

तिनं मोठा श्वास सोडला. पदर नीट केला. "तेच म्हणलं मी," ती म्हणाली. "लिहा मंग."

मी लिहिलं. बी दीर्घ. जन्मतारीख लिहिली, पालकाच्या रकान्यात कारभाऱ्याचं नाव लिहिलं, टीपकागद दाबला. पोर अंगणातून येऊन पहिल्या ओळीत बसली, तिच्या आईच्याच बाकड्यावर. गीताबाई उठली, दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर थांबून मागे वळली.

"ताबी," तिनं हाक मारली.

"ओ, आजी," पोर लगेच म्हणाली.

गीताबाईनं माझ्याकडे बघितलं. चेहरा तसाच उजळला होता.

"बघा गुर्जी," ती म्हणाली. "कशी ओ देते."